आठशे रुपयांचा कमठा

बानं तिसरा कमठाही परत गोणपाटावर ठेवला, तेव्हा माझं डोकं सणकलं.

“आता याला काय धाड भरली?” मी विचारलं.

“एक बाजू जड आहे,” बा म्हणाला. “बाण तिरपा जाईल.”

“आणि आधीच्या दोघांना?”

“ओला बांबू तासलाय. उन्हाळ्यात फाटेल.”

ज्यानं ते कमठे बनवले होते तो ओल्याबाबा समोरच बसला होता. मला वाटलं, आता हा म्हातारा चिडणार. पण तो दात नसलेलं हसला. “खरं बोलतोय तुझा बाप. ते नाचणाऱ्या पोरांसाठी आहेत. होळीपुरते.”

सावरदऱ्याचा होळीआधीचा बाजार होता. डोंगरातली सगळी माणसं या बाजाराला उतरतात. ढोल, घुंगरं, मोरपिसं, साखरेचे हार, सगळा गोंगाट चिंचेच्या पलीकडे चालला होता. चिंचेखाली ओल्याबाबाचं गोणपाट. घरात आम्ही आमच्या पावरी बोलीत बोलतो. ते इथं मराठीत लिहिते. बाहेरच्यांशी बा बाजारातली अहिराणी बोलायचा, ती आहे तशी ठेवते.

आमच्या मागे बागूल उभा होता. बागूल म्हणजे वनरक्षक. खाकी शर्ट, काखेत फाईल आणि बोटात गरागरा फिरणारी मोटारसायकलची किल्ली. त्याच्या वरच्या खिशात आठशे रुपये होते. त्या आठशेच्या आत एक कमठा घ्यायचा, बिल घ्यायचं, बाचा अंगठा घ्यायचा आणि संध्याकाळच्या आत साहेबांच्या टेबलावर कागद ठेवायचा, एवढंच त्याचं काम होतं.

“सिस्टर,” तो मला म्हणाला, “तुमना बाले समजाडा. माले आखो नाक्यावर ड्युटी शे.”

“तुम्ही सात वर्षं लावलीत,” मी म्हणाले. “आम्हाला एक दिवस लागला तर कुठं आग लागली?”

किल्ली फिरायची थांबली.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट अशी. बा मक्याच्या शेतात माळ्यावर राखणीला बसला होता. रानडुकरं येतात म्हणून सगळेच बसतात, आणि कमठा घेऊनच बसतात. त्याच आठवड्यात पलीकडच्या जंगलात कुणीतरी सांबर मारलं. खात्याला माणूस हवा होता, माळ्यावर बा सापडला. कमठा जप्त झाला आणि बा कोठडीत गेला. मी तेव्हा आश्रमशाळेत होते. पुढं शिकले, नर्स झाले, आमच्याच आंबाकुवीच्या उपकेंद्रात लागले, आणि प्रत्येक तारखेला बाला घेऊन कोर्टात गेले. वकील बदलले, साक्षीदार पळाले, सांबराचं कातडं तर कधी कुणी पाहिलंच नाही. शेवटी न्यायाधीशबाईंनी बाला निर्दोष सोडलं, आणि निकालात शेवटी एक ओळ लिहिली: जप्त केलेला कमठा मूळ मालकास परत करावा.

मला त्या ओळीचा केवढा आनंद झाला होता! बा निर्दोष आहे हे पाड्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, त्यासाठी कोर्ट लागत नव्हतं. पण आमच्या पाड्यात होळीला पुढच्या रांगेत उभं राहायचं तर हातात स्वतःचा कमठा लागतो. मागून आणलेला चालत नाही, भावाचासुद्धा नाही. बा सात होळ्या मागे उभा होता, बायका आणि लेकरांच्या ओळीत. ज्याच्या शब्दावर पाड्यातली भांडणं मिटायची तो माणूस. नवा कर, नाहीतर घे, म्हटलं की म्हणायचा, “माझा आहे ना, त्यांच्याकडं.” आणि कुणी काही बोलत नव्हतं, याचाच मला जास्त राग यायचा.

तर निकालाचा कागद घेऊन आम्ही सावरदऱ्याच्या वनखात्याच्या कार्यालयात गेलो. साहेबांचा बंगला त्याला लागूनच. तिथले साहेब चहा पीत होते. बा जेमतेम दारापर्यंत आला आणि पाणी प्यायला म्हणून बाहेरच गेला. साहेबांशी मीच बोलले.

“त्याला वाळवी लागली हो,” साहेब म्हणाले. “गोदामात काय राहतंय? लाकूडच ते.”

“बांबू होता.”

“तेच ते.”

“तेच ते नाही साहेब. आणि कोर्टाचा हुकूम आहे.”

साहेबांनी कप खाली ठेवला. माणूस तसा ओरडणारा नव्हता, आणि हेच त्याचं वाईट होतं. न ओरडणाऱ्या माणसाशी भांडताना आपणच वेडे दिसतो. “मग असं करू,” ते म्हणाले, “आठशेपर्यंतचा किरकोळ खर्च माझ्या अधिकारात बसतो. बागूलला बरोबर न्या. बाजारातून एक विकत घ्या. बिल आणा, वडिलांचा अंगठा द्या, विषय संपवा.”

“चांगला कमठा बाराशेच्या खाली मिळत नाही.”

“मग आठशेचा घ्या. जास्त पाहिजे तर मला वर लिहावं लागेल. वरून उत्तर यायला वर्ष जाईल, दोन जातील.”

होळी आठ दिवसांवर होती. मी हात जोडले आणि आठशे कबूल केले.

आणि आता इथं, चिंचेखाली, माझा बाप कमठे परत ठेवत होता.

“बाबा,” मी ओल्याबाबाला म्हणाले, “नाचायचे नकोत. खरा दाखव. जो तू चुलत्याला दिलास तसा.”

ओल्याबाबानं बाच्याकडं बघितलं. मग मागची गोणी ओढली, आणि चिंध्यांत गुंडाळलेला एक कमठा काढला. मला कमठ्यातलं फार कळत नाही, बायकांना आमच्यात तो हातातही घेऊ देत नाहीत. पण हा वेगळा आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. धुरावर ठेवून तांबूस झालेला बांबू, दोन्ही बाजू सारख्या, पेरी घासून अशी बसवलेली की बोट फिरवलं तर अडू नये. पणच, म्हणजे कमठ्याची दोरी, तीही बांबूच्याच सालीची, एका टोकाला आतड्याच्या तातीनं घट्ट बांधलेली. दुसरं टोक मोकळं.

ते मोकळंच असतं. आमच्या पाड्यात कमठा विकत घेणं म्हणजे नुसते पैसे देणं नव्हे. घेणारा कमठा गुडघ्याखाली दाबतो, वाकवतो, आणि पणच स्वतःच्या हातानं वरच्या खाचेत चढवतो. चढवली की कमठा त्याचा. तोवर पैसे देऊन झाले असले, घरी नेऊन टांगला असला, तरी तो बनवणाऱ्याचाच.

बानं तो हातात घेतला. उन्हात धरला, एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत पाहिला. अंगठ्यानं मध्यावर दाबला. बराच वेळ लावला त्यानं. बाचा चेहरा तसा कधी काही सांगत नाही, पण त्याचं नाक जरा फुललं, आणि मी मनात म्हटलं, लागला.

“काय रे?” ओल्याबाबा म्हणाला.

“वद्यात तोडलेला आहे.”

“मग काय, चांदण्यात तोडून किडे घालू त्यात?”

“किती?” मी मधेच विचारलं.

“बाराशे सांगतो सगळ्यांना.” ओल्याबाबानं तंबाखू मळायला घेतली. “तुझ्या बापाच्या, वेरसिंगच्या हातात जाणार असेल तर आठशे. साहेबाचे पैसे असले तरी आठशे.”

मी बागूलकडं वळले. मला वाटलं, सुटलो. पण बागूलनं तोंड वाकडं केलं.

“बिल?”

“कसलं बिल?”

“पक्कं बिल पाहिजे सिस्टर. दुकाननं नाव छापेल, शिक्का मारेल. हाऊ बाबा काय देई? तंबाखूनी चिमूट?”

झालं! माझ्या डोक्यात इतक्या दिवसांचं जे साचलं होतं ते सगळं त्या शिक्क्यावर फुटलं. मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. सांबराच्या कातड्याला शिक्का होता का, वाळवीनं कमठा खाल्ला तेव्हा तिच्याकडून पक्कं बिल घेतलं होतं का, असं मी भर बाजारात विचारलं. आजूबाजूला बघे जमले. साखरेचे हार विकणारा आपलं दुकान सोडून बघायला आला. बागूल बिचारा धुळ्याकडचा, बायकोच्या बाळंतपणात माझ्याकडूनच गोळ्या नेलेला. तो कानापर्यंत लाल झाला.

“बरं, बरं,” शेवटी तो म्हणाला. “कोरा कागद लिखा. बाबाना अंगठा ल्या, दोन साक्षीदारस्न्या सह्या ल्या. साहेबले मी सांगी दिसू.”

मी तिथंच उकिडवी बसून कागद लिहिला. माझ्या हातानं, चांगल्या अक्षरात. हार विकणाऱ्यानं सही केली, शेजारच्या मीठवाल्यानं केली. ओल्याबाबानं अंगठा पुढं केला.

“आधी चढवू दे त्याला,” तो म्हणाला. “रीत आहे.” आणि त्यानं कमठा दोन्ही हातांवर आडवा धरून बासमोर केला.

बानं हात मागं घेतले. पाठीमागं, एकात एक धरून.

“चढव ना बा,” मी म्हणाले.

“नाही.”

“काय नाही?”

“हा नाही.”

“का? जड आहे? ओला आहे? तिरपा जातो?”

“चांगला आहे,” बा म्हणाला. “एकदम चांगला आहे. म्हणून नाही.”

मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मला एवढंच दिसत होतं की समोर माझ्या बापाची जागा दोन हातांवर आडवी ठेवलेली आहे, आणि तो तिला हात लावत नाही. मी त्याचं मनगट धरून पुढं ओढलं. साठीच्या माणसाला, भर बाजारात. तो हलला नाही.

ओल्याबाबानं मात्र बाच्याकडं पाहिलं, कमठा परत चिंध्यांत गुंडाळला, आणि मळलेल्या तंबाखूतली अर्धी बाला दिली. ती बानं घेतली. दोघं म्हातारे तंबाखू दाढेला लावून बसले. मी, साक्षीदार आणि बागूल त्यांच्याकडं बघत उभे. मी तो कागद टराटरा फाडला.

“बाबा, मंग काय करनं शे?” बागूलनं विचारलं. “पैसा परत लई जाऊ?”

“नही,” बा म्हणाला. “दुकानमा चाला. शिक्कावाला.”

बसस्टँडसमोर येवल्यांचं दुकान आहे. तिथं शहरातून आलेल्या पाहुण्यांना देण्याच्या वस्तू मिळतात. काचेच्या पेटीतली बैलगाडी, वारली चित्रांचे ट्रे, लाकडी मोर. आणि भिंतीवर लाल-सोनेरी रंगाचे कमठे, मध्यावर मखमल, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे गोंडे. पणच म्हणजे नायलॉनची दोरी, आणि तीही दोन्हीकडून खिळे मारून बसवलेली. असल्या कमठ्यानं आंबासुद्धा पडणार नाही. मंत्री आले की त्यांच्या हातात देऊन फोटो काढतात तो हा.

येवले उठून उभे राहिले. “या बाबा. भिंतीले लावाना का टेबलवर ठेवाना?”

“कितला?” बानं विचारलं.

“साडेसातशे. धाकला पाचशेले शे, पन त्याले गोंडा नहीत.”

“आठशेना नही का?”

येवल्यांना आयुष्यात कुणी हा प्रश्न विचारला नसावा. ते आत गेले आणि आरसे लावलेला एक घेऊन आले. “हाऊ आठशे. बठ्ठास्मा भारी.”

“हाऊ द्या,” बा म्हणाला.

बागूलनं खिशातून पैसे काढले. छापील नावाचं बिल फाडलं गेलं, शिक्का बसला. बानं शाई लावून अंगठा दिला. सगळं इतकं भराभर झालं, की बागूल दुकानातून बाहेर पडताना शीळ घालत होता.

मी रस्त्यात उभी राहून ओरडले. होय, ओरडलेच. “तुला वेड लागलंय का? तिकडं ओल्याबाबा बाराशेचा कमठा आठशेला देतो, तो नको! आणि हे? हे घेऊन तू पुढं उभा राहणार? पोरं हसतील तुला!”

“पुढं कुठं उभा राहणार,” बा म्हणाला. “याची पणच कोण चढवणार? खिळे आहेत.”

“मग घेतलास कशाला?”

“मी घेतला नाही. त्यांनी दिला.”

मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. जीपमध्ये तो पुढं बसला, मी मागं. त्याच्या मांडीवरच्या आरशांतून उन्हाचे कवडसे सगळ्या जीपभर नाचत होते, आणि शेजारच्या बाईचं लेकरू ते पकडायला बघत होतं. घरी आल्यावर बानं तो कमठा दाराबाहेरच्या खुंटीला लावला. आत आणला नाही. जाणारा-येणारा विचारायचा, “वेरसिंगदादा, हे काय?” बा म्हणायचा, “साहेबांनी दिलंय.” विचारणारा हसायचा, मग हसू आवरून निघून जायचा. मी त्या आठ दिवसांत बाला भाकरी वाढली आणि तोंड फिरवलं. माझी चूक काय होती? मी त्याच्यासाठी सात वर्षं चपला झिजवल्या होत्या. त्याच्यासाठी त्या गार डोळ्यांच्या माणसापुढं हात जोडले होते. आणि त्याला पोरखेळ सुचत होता!

आमची होळी पहाटे पेटते. उजाडायच्या जरा आधी डोंगराची कड दिसायला लागली की पेटवतात, म्हणजे जाळ आणि दिवस बरोबर वर येतात. त्या वर्षी सरपंचानं वनखात्याच्या साहेबांना बोलावलं होतं. अशा पाहुण्यांसाठी एका बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडतात. साहेब शाल गुंडाळून बसले होते, शेजारी त्यांची बायको, मागं बागूल.

होळी पेटली. ढोल सुरू झाले. पुढच्या रांगेत पुरुष आले, कमरेला घुंगरं, डोक्याला मोरपिसं, हातात कमठे. मी बाला शोधत होते. तो मागच्याच ओळीत होता, माझ्या आत्याच्या शेजारी. हातात तो आरशांचा कमठा. जाळ त्या आरशांत चमकत होता आणि लहान पोरं त्याच्याभोवती जमली होती.  

पहिला फेरा संपला, ढोलवाले श्वास घ्यायला थांबले. त्या मोकळ्या वेळात बा मागच्या ओळीतून निघाला. रिंगणाच्या मधोमध चालत, जाळाच्या अगदी जवळून, खुर्च्यांसमोर येऊन उभा राहिला. सरपंचाला वाटलं, रामराम करायला आलाय.

“साहेब,” बा म्हणाला, “मना कमठा कोठे शे?”

साहेब हसले. “अहो वेरसिंगबाबा, हातात काय आहे मग? छान दिसतोय की.”

“हाऊ तुमना. मना कोठे शे?”

“तुमचा वाळवीनं खाल्ला ना. तुमच्या मुलीला सांगितलं होतं मी.”

“वाळवी नही साहेब.” बाचा आवाज चढला नाही. पण ढोल थांबलेले होते, आणि त्याचा आवाज मागच्या ओळीपर्यंत येत होता. “त्या दिन मी पानी पेवाले मांगे गऊ. तुमना बंगलाना मांगे नळ शे. तठे घोसाळाना वेल शे. त्या वेलले तीन टेका लायेल शेतस. मना कमठाना तीन तुकडा. मी वळखस. मना हातनं काम शे ते.”

 साहेबांची बायको साहेबांकडं बघायला लागली. तिनं ती घोसाळी तोडून भाजी केली असणार, तिला ते टेकू माहीत असणार. बागूल जमिनीकडं बघत होता, आणि मला कळलं की यालाही माहीत होतं.

 म्हणजे कार्यालयात मी हात जोडत होते, त्याच वेळी भिंतीपलीकडं माझा बाप स्वतःच्या कमठ्यावर चढलेला वेल बघत उभा होता. आणि परत येऊन एक शब्द बोलला नव्हता. तिथं कोण होतं ऐकायला? साहेब आणि त्यांचा शिपाई.

“माळ्यानं लावलं असेल,” साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “मला कल्पना नाही. चूक झाली असेल. तुम्ही असं करा बाबा, चांगला घ्या. एकदम उत्तम. मी माझ्या खिशातून देतो, बाराशे, दोन हजार, काय असेल ते.”

“नको.”

“का नको? मी देतोय ना!”

“चांगला लिधा ते तुमनं फिटी जाई,” बा म्हणाला. “तुम्ही इसरी जाशात. मी बी इसरी जासू.”

“मग त्या दिवशी अंगठा का दिलात?”

“अंगठा तुमले पाहिजे व्हता. दिधा. कमठा माले पाहिजे शे.”

साहेबांनी सरपंचाकडं पाहिलं. सरपंचानं होळीकडं पाहिलं. मग पुढच्या रांगेतल्या माझ्या चुलत्यानं स्वतःचा कमठा जमिनीला टेकवला, पणच खाली करून. त्याच्या शेजारच्यानं टेकवला. हळूहळू सगळ्या रांगेनं टेकवले. कमठे खाली असताना आमच्यात कुणी नाचत नाही. साहेबांना याचा अर्थ कुणी सांगितला नाही, तरी ते उठले. बायकोला घेऊन जीपकडं गेले. बागूल दोन पावलं गेला, परत फिरला, बासमोर काहीतरी पुटपुटला आणि पळतच जीपमागं गेला.

ढोल परत सुरू झाले. चुलता बाजवळ आला. “दादा, पुढं ये. आज कोण विचारतंय कमठा.”

“मी विचारतोय,” बा म्हणाला, आणि चालत मागच्या ओळीत आला. माझ्या शेजारी उभा राहिला. मी त्याच्या हातातला तो आरशांचा कमठा घेतला. त्याला हात लावायला बाईला मनाई नव्हती, तो कमठाच नव्हता. खुर्च्या रिकाम्या होत्या आणि मी त्यांच्याकडं बघून दात ओठ खात होते. आठ दिवस मी राग चुकीच्या दारात टाकत होते. तो संपला नव्हता. उलट आता त्याला नीट पत्ता मिळाला होता.

पुढच्या वर्षी ते साहेब बदलून गेले. नवे आले, होळीला आले, खुर्चीवर बसले. बा गेला आणि त्यांना विचारलं, “मना कमठा कोठे शे?” ते म्हणाले, हे प्रकरण माझ्या आधीचं आहे, फाईल बंद झाली आहे. त्यांच्यानंतरच्यांनाही बानं विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. त्यानंतर सरपंचानं साहेबांना बोलावणं सोडलं. बा प्रत्येक वर्षी मागंच उभा राहिला. ओल्याबाबानं तो तांबूस कमठा मरेपर्यंत कुणाला विकला नाही, आणि बानंही तो मागितला नाही. हे मला कधी पूर्ण पटलं असं नाही. एकदा तरी पुढं उभं राहायचं होतंस, असं मी त्याला किती वेळा म्हटलं. तो म्हणायचा, “तू रागाव. पण त्यांच्यावर.”

बा दोन वर्षांपूर्वी गेला, कापणीच्या दिवसांत. आमच्यात पुरुष आपल्या कमठ्यासह जातो. तिरडी अंगणात तयार होती, माणसं जमली होती, आणि त्याच्या उजव्या कुशीला जागा रिकामी होती. ती सगळ्यांनाच दिसत होती. चुलत्यानं आपला कमठा आणला, मग स्वतःच परत नेला. दुसऱ्याचा चालत नाही. कुजबुज सुरू झाली, की असं मोकळ्या हातानं कसं पाठवायचं.

खात्याकडूनही एक जण हार घेऊन आला होता. नवाच पोरगा, चांगल्या घरचा, काही माहीत नसलेला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, त्याला दारावरचा तो कमठा दिसला. रंग उडालेला, दोन-तीन आरसे शिल्लक. त्यानं तो खुंटीवरून काढला आणि अदबीनं तिरडीजवळ आणला.

“हा ठेवू ना बाबांजवळ?” त्यानं विचारलं.

मी तो त्याच्या हातातून हिसकावून घेतला.

“जिवंतपणी त्यानं घेतला नाही,” मी म्हणाले, “आता मेल्यावर त्याच्या गळ्यात मारताय होय?”